आम्ही शेवटचे भालेराव

१७ जानेवारी २०००, सोमवार

बेंच! २००० साल लागलं तरी विमानं पडली नाहीत, बँका बंद झाल्या नाहीत, लिफ्टसुद्धा अडकली नाही. आणि वर्षभर दोन आकडी सालं चार आकडी करत बसलेले आम्ही सगळे आजपासून बिनकामाचे. काम नाही पण पगार चालू, याला कंपनीत बेंचवर बसणं म्हणतात. आई म्हणाली, "म्हणजे काढून टाकतात त्याच्या आधीचं ना?" आईला सगळं बरोबर कळतं, हाच त्रास आहे.

पण दुपारी अभय सरांनी बोलावलं! "तू भालेराव, मी भालेराव. माझ्या बाबांना एक वेबसाइट हवी आहे. रिकामीच आहेस, करतेस?" त्यांचे बाबा माधवराव सदाशिव पेठेत भालेराव स्नेहमंडळ चालवतात. २६ मार्चला मेळावा आहे. तोपर्यंत या आडनावाची जेवढी नाव काढलेली माणसं आहेत तेवढी सगळी इंटरनेटवर हवीत, फोटोसकट.

मी "हो" इतक्या जोरात म्हणाले की बाहेर बसलेले चारजण वळून बघायला लागले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकटीनं केलेली वेबसाइट! माझी!


१८ जानेवारी

झोप नीट लागली नाही. येरवड्यात भालेराव म्हणजे आम्हीच. आजोबा, आई, बाबा, मी आणि रोहन. शाळेत दुसरं कोणी नाही, कॉलेजात नाही, विहारात नाही. गावाकडचं कोणी लग्नाला बोलवत नाही, आम्हीही नाही. आजोबांना भावकीचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "आपण एवढेच." लहानपणी मला खरंच वाटायचं की आम्ही शेवटचे भालेराव. वाघांसारखी आमचीही मोजणी ठेवायला हवी. टेलिफोन डिरेक्टरीत पानभर भालेराव आहेत हे दहावीत कळलं, पण ते आपले छापलेले. आता प्रत्यक्ष भेटणार!

आजोबांना सांगितलं. "असं होय," म्हणाले आणि चहा प्यायला लागले. डावी करंगळी नेहमीसारखी ताठ बाहेर. तरुणपणी सायकलच्या चेनमध्ये सापडलेली, तेव्हापासून वाकत नाही. रोहन म्हणतो आजोबा राजासारखा चहा पितात.


२२ जानेवारी, शनिवार

सदाशिव पेठ. माधवराव त्रेसष्ट वर्षांचे, ताठ, इस्त्रीचा लेंगा.

"कुठले भालेराव?"

"येरवड्याचे."

"ते राहायला. मूळचे?"

"आजोबा सांगत नाहीत."

"नाव काय म्हणालात?"

"दीक्षा."

"बरं."

त्या एका "बरं"मध्ये त्यांना जे कळायचं ते कळलं. मी मान वर करून पुढचं ऐकायला तयार! पण ते म्हणाले, "आपल्या मंडळात सगळे आहेत. ब्राह्मण, मराठा, तुमच्यातले. आडनावाला सोवळं नसतं. फॉर्म मात्र पूर्ण भरायचा. पुणेकर माणूस, अर्धवट फॉर्म घेत नाही."

फॉर्म असा: नाव, जन्म, कर्तृत्व, मूळ गाव, कुलदैवत, गोत्र. "गोत्र भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये, अशी सोय होते का हो तुमच्यात?" "होते की!" मी म्हणाले. दोन ओळींचा तर कोड. अंगात आलेलं असलं की माणूस विचार करत नाही.

मग त्यांनी काचेच्या कपाटातून एक कप काढला, चांदीचा, दोन कानांचा. वर कोरलेलं: पुणे–शिरवळ–पुणे सायकल शर्यत, १९५१, नरहर भालेराव. त्यांचा थोरला भाऊ. अडुसष्ट साली गेला. "कात्रजचा घाट दोन्ही बाजूंनी न उतरता चढला. मी तेव्हा सांगलीला मामाकडे शिकायला. दिवाळीला आलो तर घरात हा कप! दादानं मला त्यात दूध पाजलं." एवढ्या तिरकस माणसाचा आवाज एकदम मऊ झाला. साइटचं पहिलं पान दादांचं, हे त्यांनी सांगायच्या आधीच मी ठरवून टाकलं.


२६ जानेवारी

सुट्टी. दिवसभर फोन. एकोणीस भालेराव सापडले!!


५ फेब्रुवारी

काय एकेक माणसं आहेत! हडपसरचे रतन भालेराव सर्कशीत तीस वर्षं उंच झुल्यावर होते, आणि आता घरातला बल्ब बदलायला शेजाऱ्याला बोलावतात. "खाली जाळी नाही ना इथं," म्हणाले. एक बाई डोळ्यांच्या डॉक्टर, वीस हजार मोतीबिंदू काढले, स्वतःचा चष्मा मात्र रोज हरवतो. एका आजोबांना एकेकाळचं रेल्वेचं सगळं वेळापत्रक पाठ. मी मिरज म्हणाले तर गाडी पुण्यातून हलवून मिरजेला पोचवल्याशिवाय थांबले नाहीत.

आणि सगळ्यात भारी! बेचाळीस साली येरवड्याच्या जेलमध्ये एक कैदी भालेराव आणि एक जेलर भालेराव, एकाच बराकीला. हजेरीला कैदी भालेराव रोज विचारायचा, "घरचे सगळे बरे?" आज एकाची मुलगी कोथरूडला, दुसऱ्याचा नातू औंधला. मेळाव्यात मी त्यांना शेजारी शेजारी बसवणार आहे!!


६ फेब्रुवारी, रविवार

खराडी. स्कूटीवर धूळच धूळ. मथुराबाई भालेराव, चौऱ्याहत्तर साली गावात ट्रॅक्टर चालवणारी पहिली बाई. त्यांचे दीर भैरू शेजारी बसून त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

"मालक गेल्यावर ह्यांनी ट्रॅक्टर इकायला काढला. म्या म्हनलं, इकू नका, मी बसते. समदं गाव बांधावर बघाया उभं! उलाटला असता तर लई बरं वाटलं असतं त्यास्नी. नाय उलाटला."

भैरूंनी मान हलवली.

"तुमचं कम्पुटरचं हापिस आमच्या रानात यायचं हाय म्हनं. तू बी येशील कामाला. हीर कुठं हाय ती बघून ठिव, न्हायतर पडशील."

गोत्र विचारलं. "गोत्र? आमचं देवक हाय. चालंल का?"

चालत नाही. माझा प्रोग्रॅम लाल अक्षरांत ओरडतो: गोत्र भरा.


७ फेब्रुवारी

माधवरावांना फोन केला. "माहीत नसेल तर काश्यप लिहा. शास्त्रात तशी सोय आहे." आतापर्यंत बावीस काश्यप झालेत. या वेगानं सगळं पुणे काश्यप होईल.


१३ फेब्रुवारी, रविवार

दादांच्या शर्यतीचा अस्सल फोटो माधवरावांनी दिला. कात्रजच्या माथ्यावर फोटोग्राफरनं काढलेला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, मान खाली, माणूस सायकलवर पूर्ण ओणवा. मी लगेच प्रिंट काढून घरी आणला. आईनं बघितला, "छान," म्हणाली. आजोबांनी हातात घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बसले. दहा मिनिटं!

मग म्हणाले, "डावं पॅडल बदललेलं आहे. उजव्यापेक्षा नवं. शर्यतीच्या आदल्या दिवशी."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच बदललं. त्यांच्या दुकानात मेकॅनिक होतो."

काय!! तेवीस वर्षं या माणसाबरोबर राहते आहे आणि हे आज कळतंय! ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते एवढंच आम्हाला माहीत. त्याच्या आधी सायकलचं दुकान, आणि तेही नेमकं याच भालेरावांचं! आजोबाही साइटवर येणार! "विजेत्या सायकलचे मेकॅनिक नागोराव भालेराव." ते नको नको म्हणाले, पण मी ऐकते थोडीच.

फॉर्म भरायला बसले. गोत्र भरा. म्हटलं, "आजोबा, काश्यप लिहू?"

"रिकामं ठेव. आपलं जे नाही ते नाही."

माझ्याच प्रोग्रॅमनं माझ्याच आजोबांना आत घेतलं नाही. दोन ओळींचा कोड! शेवटी थेट डेटाबेसमध्ये मागच्या दारानं जाऊन त्यांचं नाव टाकलं. मीच बसवलेलं कुलूप मीच फोडलं. राग आला, पण कोणाचा ते नीट सांगता येत नाही. माझाच असावा.


२९ फेब्रुवारी, मंगळवार

आज कंपनीत सगळे श्वास रोखून, दोन हजार साल लीप धरलंय की नाही म्हणून. कॉम्प्युटरांनी तीस काय, एकतीस फेब्रुवारीही दाखवली असती तरी मला पत्ता लागला नसता.

पहिल्या पानासाठी दादांचा फोटो चांगल्या स्कॅनरवर घेतला. मोठा केला. अजून मोठा केला. चाकाच्या तारा मोजता येतात इतका. हँडलवर डावा हात. चार बोटं मुठीत.

करंगळी बाहेर. ताठ.

मी उठून पाणी पिऊन आले. परत बघितलं. तो आजोबांचा हात आहे! मी तो हात रोज बघते!!

ते आजोबा आहेत. शर्यत आजोबांनी जिंकली!!!


२९ फेब्रुवारी, संध्याकाळ

घरी येईपर्यंत स्कूटी कशी चालवली आठवत नाही. फोटो त्यांच्यापुढे ठेवला आणि करंगळीवर बोट ठेवलं. ते हसले. असे मी त्यांना हसताना फारसं बघितलेलं नाही.

"सापडलं का. तुमच्या मशीनला काहीच लपत नाही."

मग सांगितलं, थांबत थांबत. नरहर मालकाचा मुलगा, पण दोघं एकाच वयाचे. रोज दुकान बंद करून कात्रजपर्यंत जायचे. आजोबा पुढे, नरहर मागे, रोज. शर्यतीला भाग फक्त क्लबाच्या सभासदांना. नरहर सभासद होता. आजोबांना क्लब घेत नव्हता.

"का?"

"तू इंजिनियर ना?"

शर्यतीच्या पहाटे नरहरला एकशेतीन ताप. म्हणाला, माझा नंबर लाव आणि टोपी खाली ओढ. तू गेला नाहीस तर सायकल फुकट गेली. आजोबा गेले. जिंकले. टोपी न काढता थेट दुकानात आले. बक्षीससमारंभ पंधरा दिवसांनी होता, तिथं बरा झालेला नरहर गेला.

"आणि तुम्ही?"

"मी पंक्चर काढत होतो. गर्दी होती त्या दिवशी."

मी उभी राहिले. म्हटलं उद्याच पहिलं पान बदलते! नाव बदलते! माधवरावांना आत्ता फोन करते! त्यांचं ते कपाट, तो कप, एकोणपन्नास वर्षं! सगळ्या पुण्याला कळू दे!

"करायचं नाही."

"आजोबा!"

"सांगितलं ना. शब्द दिलाय."

"मेलेल्या माणसाला?"

"मेलेल्याला दिलेला जास्त पाळायचा. तो येऊन सोडवणार आहे का मला त्यातून?"

जेवले नाही. आई विचारत होती काय झालं. आजोबा म्हणाले, "काही नाही, लीप वर्ष आहे."


१ मार्च

बोलत नाही आजोबांशी.


३ मार्च

ते स्कूटीचा ब्रेक दुरुस्त करून ठेवतात, मी बोलत नसले तरी. हा अन्याय आहे.


१९ मार्च, रविवार

एकशे बारा माणसं झाली. मराठी अक्षरं सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसत नाहीत, चौकोन चौकोन येतात. म्हणून प्रत्येक नावाचं चित्र करून टाकलंय. एकशे बारा चित्रं! पहिलं पान अजून नरहर भालेराव. रोज उघडते आणि रोज दात ओठ खाते.

आजोबा मेळाव्याला येणार म्हणाले! एका अटीवर, मी तोंड उघडायचं नाही.


२६ मार्च, रविवार

सगळं लिहिते.

हॉलमध्ये साडेतीनशे भालेराव! दारात कोणीतरी "अहो भालेराव" अशी हाक मारली आणि सगळा हॉल वळला. रतन भालेरावांना स्टेजची पायरी चढायला दोघांनी धरलं. मथुराबाई पुतण्याच्या कोऱ्या गाडीतून आल्या आणि ड्रायव्हरनं गाडी कशी लावायला हवी होती ते सगळ्यांना सांगत होत्या. जेलरचा नातू आणि कैद्याची मुलगी मी शेजारी बसवले. पहिला अर्धा तास दोघं नुसतेच स्टेजकडे बघत होते. मग बघते तर तो त्यांना बटाटेवडा आणून देतोय, आणि त्या म्हणताहेत, "घरचे सगळे बरे?" मला रडूच आलं!

मग माझी साइट. प्रोजेक्टर, मोठा पडदा, फोनच्या वायरीवरून इंटरनेट. कॉं-कॉं-कर्र आवाज झाला आणि लागलं! टाळ्या! पडद्यावर कात्रजचा माथा, भिंतीएवढा. माधवराव माइकवर दादांबद्दल बोलले. सांगलीहून आलो, घरात कप, त्यात दूध. मी ओठ चावून बसले होते. नंतर म्हणाले, "आणि ज्यांनी ही सायकल बांधली ते नागोरावही आज इथं आहेत. या, नागोराव."

आजोबा वर गेले. माधवरावांनी फोटोसाठी कप त्यांच्या हातात दिला.

एकोणपन्नास वर्षांनी. पहिल्यांदा.

त्यांनी दोन्ही हातांनी धरला, चहाची कपबशी धरावी तसा. डावी करंगळी ताठ बाहेर. मागे पडद्यावर तोच हात, चार फुटांचा. माधवराव फोटोसाठी आजोबांकडे वळले होते. त्यांनी हाताकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग परत हाताकडे. लहानपणापासून तो फोटो बघणारा माणूस! फोटोग्राफर "इकडे बघा, इकडे बघा" करत होता, ते बघेनात.

"दोन शब्द बोला," कोणीतरी आजोबांना म्हणालं.

"चांगली सायकल होती," आजोबा म्हणाले.

माधवरावांनी माइक घेतला. म्हणाले, "चहा गार होतोय."

घरी येताना मी आजोबांना रिक्षात विचारलं, त्यांना कळलं का? ते रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागले. मी त्यांचा हात धरला. तो, डावा. आता मी बोलते त्यांच्याशी.


२७ मार्च, सोमवार

सकाळी ऑफिसात माधवरावांचा फोन. नमस्कार वगैरे काही नाही.

"ते गोत्राचं काढून टाका."

"सक्ती?"

"रकानाच. कोणी विचारलं तर सांगा, म्हाताऱ्याला सुचलं."

मी ते कागदावर टिपून घेतलं, तोवर पुढचं आलं.

"पहिल्या पानावर फोटो आहे ना. त्याच्याखाली कोणाचं नाव घालायचं ते तुमच्या आजोबांना विचारा. ते सांगतील ते घाला. माझी हरकत नाही. दादाचीही नसती." आणि ठेवून दिला.

मी खुर्चीतून उडाले! अक्षरशः! अभय सर म्हणाले, "नवीन प्रोजेक्ट मिळालं का?" म्हटलं हो!! "नागोराव भालेराव" हे चित्र जेवणाच्या सुट्टीत करून ठेवलं, सोनेरी अक्षरांत, सावलीसकट. आजोबांनी एकदा हो म्हटलं की एक क्लिक.


२८ मार्च

आजोबा म्हणाले, "नरहर भालेराव. आहे तसंच राहू दे."

मी भांडायच्या तयारीत होते. तेव्हा सांगितलं. शर्यतीच्या संध्याकाळी नरहर तापात उठून बसला आणि म्हणाला, कप मला ठेवावा लागणार, तुला काय देऊ? आजोबा म्हणाले, तुझं आडनाव दे. आमच्या आडनावावर खोली मिळत नाही, नोकरी मिळत नाही. नरहरनं दुकानाच्या कागदावर दाखला लिहिला, तोच घेऊन टेलिफोन खात्यात लागले. "कप त्याचा, नाव माझं. सौदा झाला. आता कपही मागू?"

"मग आपलं आधीचं आडनाव काय?"

"होतं एक."

"म्हणजे आपण भालेराव नाहीच?"

"आहोत की. कात्रज चढून झालोय."

शेवटचे कसले! आम्ही तर पहिले!